अनिकेतचा पाय

किन्हवलीच्या आमच्या आळीत मी गेली एकोणीस वर्षं लंगडत होतो, पण ते लोकांच्या लक्षात आलं दोन हजार दोन सालच्या श्रावणात.

तोवर मी नुसता विशे क्लार्क होतो. हायस्कुलात वरिष्ठ लिपिक. दाखला मागायला आलेल्याला 'उद्या या' म्हणणारा, आणि उद्या आल्यावर 'काल का नाही आलात?' विचारणारा. डाव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, हातात काठी, आणि मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर. हे सगळं लोकांना दिसत होतंच, पण आपल्या घराच्या कौलांचा रंग जसा आपल्याला दिसतो तसं. म्हणजे कुणी विचारलं तरच. शेजारच्या गोजरआजी तर सरळ ओसरीवर येत. "शेखर, काठी दे रे जरा, पपई पाडायची हाय," म्हणून माझी काठी घेऊन जात आणि पपई पडली की काठी विसरत. मी तासभर खुर्चीत अडकून पडे आणि आत नम्रता, म्हणजे माझी बायको, "बसा आता, कुठं पळणार?" म्हणून हसे. आमचं बरं चाललं होतं.

मग ती साडेआठची मालिका सुरू झाली.

मालिकेचं नाव सांगत नाही. उगाच कुणाची बदनामी नको. त्यात अनिकेत नावाचा एक पायाने अधू धाकटा भाऊ होता. काम काहीच करत नसे. दिवसभर खिडकीत बसे, बासरी वाजवी, आणि घरात कुणी आनंदात दिसलं की त्याच्याकडे बघून मंद हसे. एक मुलगी त्याच्यावर प्रेम करी आणि तो दर गुरुवारी तिला सांगे, "जा, मला विसर." हा माणूस इतका सज्जन होता की त्याला कधी भूकसुद्धा लागत नसे. मी दूरदर्शनच्या आरंभापासून मालिका पाहत आलोय. त्यात लंगडा माणूस आला की तो एकतर संत असतो, नाहीतर काठी आपटत येणारा खलनायक, आणि दोन्ही नसेल तर शेवटच्या भागात जिन्यावरून पडून बरा होतो. लंगडत जाऊन अर्धा किलो गवार आणणारा आणि ती जून निघाली म्हणून बायकोच्या शिव्या खाणारा मला आजवर एकाही मालिकेत दिसलेला नाही.

पण आमची आळी अनिकेतवर लुब्ध झाली. आणि अनिकेत मुंबईच्या स्टुडिओत असल्यामुळे, हाताशी असलेला लंगडा म्हणून सगळी माया माझ्यावर सांडायला लागली.

एका सकाळी गोजरआजी कापलेली पपई घेऊन आल्या. डोळ्यांना पदर. "खा रे माझ्या वासरा," म्हणाल्या. मी एक्केचाळीस वर्षांचा. समोरचे काळूराम, एसटीतले निवृत्त कंडक्टर, माझ्याशी एकोणीस वर्षं कॅरमवर हमरीतुमरी करणारे, ते राणी माझ्यासाठी सोडायला लागले. "घ्या, घ्या, विशे. तुमालाच होऊ द्या." मी तिडिकेने मुद्दाम नेम चुकवला, तर त्यांनी स्ट्रायकर माझ्या हातात परत दिला आणि खांद्यावर थोपटलं. त्या दिवसापासून आमच्यातला कॅरम संपलाच.

आळीतल्या बायकांनी नम्रताला विहिरीवर गाठून विचारलं, "तुला कदी म्हनतात का गो ते, जा, मला विसर म्हनून?"

"रोज म्हणतात," नम्रता म्हणाली. "भाजीत मीठ जास्त झालं की."

इथवर मी सगळं सहन केलं. पण सप्टेंबरातल्या शिक्षक-सभेत मुख्याध्यापक धानके सरांनी क्रीडा महोत्सवाच्या कामांची वाटणी वाचली आणि माझं नाव आलंच नाही.

हे नीट सांगायला हवं. आमच्या शाळेच्या क्रीडा महोत्सवात गेली बारा वर्षं शर्यती मी सोडत आलो. रेषेच्या टोकाला मी उभा, गळ्यात शिट्टी, हातात लाल निशाण. मी शिट्टी वाजवल्याशिवाय किन्हवलीत कुणी धावत नसे. तालुक्यात धावायला जाणारी पोरंसुद्धा म्हणत, विशे सरांची शिट्टी अर्धी वाजते तेव्हाच सुटायचं. हे काम कुणी मला दयेनं दिलेलं नव्हतं. खेळाच्या सरांना शिट्टी वाजवताना डोळे मिटायची सवय होती, म्हणून ते माझ्याकडे आलं होतं.

मी सरांच्या खोलीत गेलो. "सर, माझं नाव राहिलं."

धानके सर उठून उभे राहिले, त्यांनी मला खुर्ची दिली, आणि म्हणाले, "विशे, धावणारी मुलं पाहून तुमच्या मनाला काय वाटत असेल, याचा मी इतकी वर्षं विचारच केला नाही. मला क्षमा करा."

मला काय वाटे ते सांगतो. मला वाटे, 'गाढवांनो, रेषेच्या मागे राहा.' दुसरं काही वाटल्याचं मला आठवत नाही. पण सरांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाणी असताना आपली तक्रार मांडणं फार अवघड जातं. मी "बरं" म्हणून बाहेर आलो. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आणि साडेआठ वाजता शेजारच्या चार घरांतून एकदम बासरी ऐकू आली तेव्हा मी ठरवलं, की या मालिकावाल्यांना एक पत्र लिहायचं.

मी कारकून माणूस. पुराव्याशिवाय लिहिणार नाही. एक जुनी आवक-जावक वही घेतली आणि रोज साडेआठला बसलो. पंधरा दिवसांत जे सापडलं त्यानं मी स्वतःच हादरलो. मंगळवारी अनिकेत डाव्या पायाने लंगडत होता. शुक्रवारी उजव्या. पुढच्या सोमवारी देवघरात जाताना डावा आणि येताना उजवा! काठी नेहमी दुखऱ्या बाजूच्या हातात, म्हणजे जिचा उपयोग शून्य. मी तारीखवार सगळं उतरवलं आणि सभ्य शब्दांत एकपानी पत्र लिहिलं.

ते तसंच पेटीत टाकलं असतं तर ही गोष्ट घडली नसती. पण काळूरामांनी ते वाचलं.

"एकट्याच्या पत्राला कोन इचारतो, विशे? डेपो म्यानेजरला आमी लिवायचो तेव्हा सह्या घ्यायचो. सह्या पायजेत."

ते स्वतः कागद घेऊन आळीत फिरले. दुसऱ्या दिवशी त्रेचाळीस सह्या. मला भरून आलं. माझ्यामागे आळी अशी उभी राहील असं मला वाटलं नव्हतं. पाकीट बंद करून रवाना झाल्यावर नम्रतानं सांगितलं, की मजकूर कुणी वाचलेला नव्हता. अनिकेतचं त्या मुलीशी लग्न लावा, अशी मागणी आहे असं काळूरामांनी सांगितल्यामुळे बायकांची झुंबड उडाली होती. गोजरआजींनी तर अंगठा उठवून खाली कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं: 'दिवाळीच्या आत लावा.'

दहाव्या दिवशी शाळेत फोन आला. मालिकेचा मॅनेजर बोलत होता. तुमचं पत्र आमच्या टीमला फार आवडलं, आळीचं प्रेम पाहून दिग्दर्शक भारावले, आम्ही दसऱ्यानंतर शहापूरजवळ माहुलीच्या पायथ्याशी शेतात दोन दिवस शूटिंग करतोय, तर तुम्ही एक दिवस येऊन आमच्या नटाला चालणं दाखवाल का?

मी "हो" म्हणालो. आणि मग परवानगीचं प्रकरण सुरू झालं.

अनुदानित शाळेचा कर्मचारी दुसरीकडे काम करणार, तर संस्थेचं ना-हरकत पत्र हवं. संस्थेच्या सचिवांनी अर्जावर शेरा मारला, 'सदर कर्मचारी सदर विषयातील तज्ज्ञ असल्याचा पुरावा जोडावा.' विषय होता लंगडणे. मी विचार करून अपंगत्वाचा दाखला जोडला. तो परत आला, कारण त्याची मुदत संपली होती. आमचा दाखला पाच वर्षांचा असतो. पाच वर्षांत पाय परत फुटला की काय, हे सरकारला पाहायचं असतं, त्याला माझी हरकत नाही.

जिल्ह्याच्या गावी गेलो. दाखल्याचं टेबल तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट होती, पण तिच्यात जुन्या फायली ठेवलेल्या. मी कठडा धरून, दर वळणावर थांबत, चाळीस मिनिटांत वर पोचलो. टेबलावरच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं.

"तुम्ही चढून आलात?"

"हो."

"मग अपंग कसे?"

"मग कसं यायचं होतं?"

"ते मला माहीत नाही. पण चढून येतात त्यांचे टक्के कमी होतात."

माझे अठ्ठेचाळीस होते. बारावीला मिळाले होते त्यापेक्षा तीन जास्त, आणि ते मी घालवायला तयार नव्हतो. सुदैवाने डॉक्टर भला माणूस निघाला. त्यानं पाय पाहिला, अठ्ठेचाळीस कायम केले, आणि अर्जातलं कारण वाचून बराच वेळ तोंडावर रुमाल धरून बसला. दाखल्याच्या जोरावर मी एकदाचा तज्ज्ञ ठरलो. फक्त सचिवांनी शेवटी एक शेरा जोडला, 'मुख्याध्यापकांनी समक्ष हजर राहून अहवाल द्यावा.'

त्यामुळे शूटिंगच्या सकाळी काळूरामांनी ठरवलेल्या जीपमध्ये आळीतल्या नऊ बायका, गोजरआजी, नम्रता, खुद्द काळूराम आणि मांडीवर छत्री घेतलेले धानके सर होते. मी मागून स्कूटरवर. भात पिकून पिवळं झालं होतं, आणि माहुलीचे सुळके त्या दिवशी अगदी स्वच्छ दिसत होते. मी मनातल्या मनात पहिलं वाक्य घोकत होतो.

अनिकेतचं काम करणारा नट, विराज त्याचं नाव, गोड पोरगा निघाला. वाकून नमस्कार केला. "सर, माझं कुठं चुकतं?"

"पाय चुकतो," मी म्हणालो आणि वही उघडली.

त्यानं सगळं वाचलं आणि त्याचे कान लाल झाले. दिग्दर्शक मात्र हसला. "काका, पब्लिक पाय बघत नाही. डोळे बघतं."

"आमच्या आळीनं गेले तीन महिने पायच बघितलाय," मी म्हणालो. हे मात्र मी घोकलेलं नव्हतं.

विराजला मी शिकवायला लागलो. काठी दुसऱ्या हातात, आधी काठी, मग पाय, वजन असं. त्याला मनापासून शिकायचं होतं. तो भाताच्या बांधावर गेला, दहा पावलं फार सुरेख लंगडला, अकराव्याला बांध संपलेला त्याला दिसला नाही, आणि तो सरळ खालच्या खाचरात गेला. बाहेर काढला तेव्हा उजवा घोटा टम्म सुजलेला.

पण उन्हं चांगली होती, म्हणून तशातच शॉट लावला. विराज ओठ चावत, डोळ्यांत पाणी घेऊन चालला. दिग्दर्शकानं कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघून मान हलवली. "खोटं वाटतंय रे. फारच नाटकी."

"सर, खरंच दुखतंय!"

"मग तसं दिसू दे ना!"

पाचव्या पावलाला विराज बसला तो उठलाच नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आणि मग सावकाश सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मला अनिकेतचा झब्बा आणि शाल घातली. पाठमोरा शॉट. प्रेयसीला 'जा' सांगून अनिकेत शेतातून एकटा दूर जातो, इतकंच. तोंड दिसणार नाही. मी म्हटलं, यात काय, मी रोज चालतोच. चाललो.

"काका, फार पटपट."

पुन्हा चाललो.

"काका, तुम्ही कामाला निघाल्यासारखे चालताय. थोडं दुःख आणा."

"तोंड तर दिसणार नाही ना?"

"पाठीत आणा."

माझ्या पाठीत उसण भरते, त्याव्यतिरिक्त तिथे आजवर काही आलेलं नव्हतं. तिसऱ्या वेळी शाल काठीत अडकली. चौथ्या वेळी एक म्हैस मध्ये आली आणि ती मात्र पहिल्या फटक्यात पसंत पडली. सहाव्या वेळी सगळं जमून येत होतं तर गर्दीतून गोजरआजी ओरडल्या, "शेखर, खाली बघून चाल रे! त्या पोरासारका पडशील!" आठव्यानंतर दिग्दर्शक जवळ आला आणि अगदी हळुवारपणे म्हणाला, "काका, राग मानू नका, पण तुम्ही अपंग वाटत नाही. म्हणजे, तसं फील येत नाही."

एका खिशात सरकारचा दाखला, अंगात दुसऱ्याचा झब्बा, समोर सगळी आळी. परत जागेवर जाऊन उभा राहिलो. "ॲक्शन" ऐकू आलं आणि मला अचानक दिसलं, की डिसेंबरात शाळेच्या मैदानावर दुसरंच कुणी रेषेपाशी उभं असेल, आणि मी खुर्चीत, पाहुण्यांच्या शेजारी, हातात सरबताचा पेला. मी चालायला लागलो. थांबायची खूण आली ती मला दिसली नाही. दुसरा बांध ओलांडला, तिसरा ओलांडला, ओढ्याच्या कडेच्या सादड्याच्या झाडापाशी पोचलो तेव्हा मागून टाळ्या ऐकू आल्या. दिग्दर्शक धावत आला. "अप्रतिम! कसला विचार करत होता?"

"क्रीडा महोत्सवाचा," मी म्हणालो. त्याला तो विनोद वाटला.

परत येताना धानके सर जीपमध्ये न बसता माझ्या स्कूटरवर मागे बसले. आसनगावपर्यंत एका हाताने छत्री सावरत राहिले. मग म्हणाले, "विशे, मी अहवालासाठी त्या बांधावरून एकदा जाऊन पाहिलं. माझी चप्पल चिखलात राहिली."

"हो का?"

"तुम्ही नऊदा गेलात." मग त्यांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. "ती शिट्टी तुमच्याकडेच आहे ना?"

"कपाटात आहे, सर. देऊ आणून?"

"नको. तुमच्याकडेच असू द्या. डिसेंबरात लागेल."

रस्त्यात खड्डा होता तो मला दिसलाच नाही. सर आसनावरून वीतभर उडाले.

तो भाग दिवाळीनंतर लागला. आमच्या घरात मुंगी शिरायला जागा नव्हती. पडद्यावर पिवळं भात, माहुली, म्हैस, आणि माझी पाठ. मागे व्हायोलिन आणि विराजच्या आवाजात, 'मी कुणावर ओझं होणार नाही.' सगळी आळी रडली. मी तिथेच, त्यांच्या मध्ये, चकल्या खात बसलो होतो, पण माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. सगळे माझ्या पाठीसाठी रडत होते. गोजरआजी तर हुंदके देत मला म्हणाल्या, "सरक रे जरा, दिसत नाय!"

विराजचा घोटा काही लवकर बरा होईना. दोन पायांनी लंगडणारा नायक कुणाला नको होता. म्हणून लेखकानं अनिकेतचं ऑपरेशन उरकून टाकलं. घोट्याची सूज उतरली तसा तो एका सोमवारी खिडकीतून उठला, चालला, आणि शुक्रवारपर्यंत त्याचं लग्नही झालं. आळीनं पेढे वाटले. पण पंधरा दिवसांत सगळ्यांचा विरस झाला.

"बरा झाला नि वाया गेला तो," गोजरआजी ओसरीवर बसून म्हणाल्या. "आता बायकोशी भांडतो, आईला उलटून बोलतो. त्यात बघायसारका काय राह्यला नाय." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "तुजी गाडी माज्या तुळशीच्या अंगावर लावतोस ती काढ आदी. कवाची सांगीन म्हनते."

एकोणीस वर्षांत इतकं गोड मी काही ऐकलं नव्हतं. मी उठून गाडी काढली.

डिसेंबरात सगळ्या शर्यती मी सोडल्या. आठवीच्या एका पोरीनं तीनदा आधी उडी घेतली आणि मी तिला सगळ्या पाहुण्यांसमोर झापलं. धानके सर पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होते.

पौषात नम्रता म्हणाली, म्हसा गावच्या जत्रेला जाऊ, घोंगडी घ्यायची आहे. मुरबाडवरून गेलो. बैलबाजाराची धूळ उडालेली, भोंगे वाजताहेत, दुतर्फा मिठाईची दुकानं. गाडी लांब एका वडाखाली लावावी लागली. घोंगडी नम्रताच्या खांद्यावर, काठी माझ्या हातात, असे गर्दीतून चाललो होतो, तर मागून दोन माणसांचं बोलणं कानावर आलं.

"आरं, ह्या मानसाला मी टीव्हीत बघितलाय. ह्योच तो. शेतातून जातो बघ, म्हस असते."

"तोंड कुठं दिसलं तुला?"

"तोंड कशाला? पाठ वळखली. चाल वळखली."

"मंग ह्यो खराच लंगडा हाय का काय?"

पहिल्यानं माझ्याकडे चांगलं निरखून पाहिलं असणार.

"छ्या! खऱ्याला असा जमल? ॲक्टिंग हाय ती."

नम्रतानं घोंगडीचं टोक तोंडात कोंबलं. "मागे बघू नका हां," ती कशीबशी म्हणाली.

मी कशाला बघतोय? मी शर्टाची मागची बाजू नीट खाली ओढली, काठी पुढे टाकली, आणि पार त्या वडापर्यंत माझ्या नेहमीच्या चालीनं चालत गेलो.